सिनेमाला जाण्याआधी: नाशिककर मला वारंवार विचारतात ते प्रश्न

शुक्रवार जवळ आला की सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात. कोणता बघू, मुलांना नेऊ का, थांबलं तर मोबाईलवर येईल का. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. हे २०२६ च्या सुरुवातीचं आहे. पुढच्या चित्रपटांच्या तारखा निर्मात्यांनी जाहीर केलेल्या आहेत. त्या पुढे-मागे होऊ शकतात. मतं माझी आहेत आणि ती मी मनापासून मांडली आहेत.

चित्रपट चांगला की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवता?

माझी कसोटी एकच. चित्रपट जिथे घडतो ती जागा त्याला ठाऊक आहे का? तिथली माणसं कशी बोलतात, पाणी कुठून भरतात, कर्ज कुणाकडून घेतात, देवाला काय मागतात, भांडताना आधी कोणता शब्द तोंडात येतो. हे दिग्दर्शकाला माहीत असेल तर कथेतल्या चार उणिवा मी सहज सोडून देते. माहीत नसेल तर कितीही कोटी खर्चून मारामारी दाखवा, माझं लक्ष मध्यंतराआधीच उडतं.

गेल्या वर्षभरातला एकच मराठी चित्रपट बघायचा असेल तर?

‘दशावतार’. दिग्दर्शक सुबोध खानोलकर, प्रदर्शन १२ सप्टेंबर २०२५. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. म्हणजे ऐंशी ओलांडलेला हा नट बाबुली मेस्त्री नावाच्या दशावतारी कलावंताची भूमिका करतो. नजर अधू होत चाललेली, मुलगा ‘आता पुरे’ म्हणतोय आणि तरी अंगातली कला थांबत नाही. प्रभावळकरांना आपण विनोदी भूमिकांमध्येही पाहिलंय आणि गंभीर भूमिकांमध्येही. इथे ते शरीरानेच बोलतात. रंग लावताना, मुकुट चढवताना, पायाखालच्या मातीचा अंदाज घेताना.

उत्तरार्धात कथा थोडी घाईत पळते आणि खलनायकांना पुरेशी खोली मिळत नाही, हे मान्य. पण खाणीमुळे गावाचं काय होतं हा प्रश्न या चित्रपटाने भाषणात घातला नाही, दशावताराच्या खेळातच गुंफला. मालवणी बोली, रात्रीचं जंगल, देवळापुढचा मांड, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय.

पण तो ‘कांतारा’सारखाच आहे असं ऐकलं.

दोन्हींत किनारपट्टीचा निसर्ग आणि लोकपरंपरा आहे, एवढंच साम्य. ‘कांतारा’तला भूतकोला हा दैव अंगात येण्याचा विधी आहे; दशावतार ही रात्रभर चालणारी नाट्यकला आहे, तिच्यात नट असतात, संवाद असतात, हार्मोनियम आणि पखवाज असतात. माणसाने देव साकारणं आणि देव माणसात उतरणं यांत मोठा फरक आहे. ‘दशावतार’ची सगळी वेदना त्याच फरकातून येते, कारण बाबुली रंग उतरवल्यावर पुन्हा साधा म्हातारा होतो. हे लक्षात ठेवून बघा.

‘दशावतार’च्याच दिवशी आणखी दोन मराठी चित्रपट होते ना? ते कसे होते?

होते. ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. एकात ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे, दुसऱ्यात प्रिया बापट आणि उमेश कामत, सोबत निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. दुसरा मला जास्त भावला, कारण घरातली मोठी माणसं त्यात केवळ अडथळा म्हणून येत नाहीत, त्यांनाही स्वतःचं म्हणणं आहे.

मला बोलायचंय ते तारखेबद्दल. एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट! मराठी सिनेमासाठी थिएटरमध्ये जाणारं कुटुंब महिन्यातून एकदा, फार तर दोनदा जातं. त्याच्यापुढे एकाच आठवड्यात तीन पर्याय ठेवले तर दोन मागे पडणारच. त्याच वर्षी १ मे रोजी ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ एकत्र आले, शिवाय हिंदीतला ‘रेड २’ही त्याच दिवशी. सुट्टीचा दिवस सगळ्यांनाच हवा असतो हे समजतं. पण निर्मात्यांनी एकत्र बसून महिन्याभराचं अंतर ठेवलं तर प्रत्येक चित्रपटाला दुसरा आठवडा बघायला मिळेल. मराठी चित्रपट ‘अमुक बघ’ या तोंडी शिफारशीवर चालतो आणि ती शिफारस पसरायला आठवडा लागतोच.

नाशिकमध्ये मराठी चित्रपटाचे शो इतक्या अवघड वेळेला का असतात?

सकाळी साडेनऊ किंवा दुपारी तीन. नोकरी करणाऱ्याने जायचं कधी? थिएटरचं गणित सरळ आहे. पहिल्या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारपासूनचे शो ठरतात. संध्याकाळची वेळ जास्त मागणीच्या चित्रपटाला जाते, आणि मराठीला अवघड वेळ मिळाल्यामुळे खुर्च्या रिकाम्या राहतात. रिकाम्या राहिल्या म्हणून पुढच्या आठवड्यात वेळ आणखी अवघड. हे चक्र आहे.

पूर्वी विजयानंद, सर्कल, हेमलता, मधुकर, दामोदर ही नावं घेतली की कुठला चित्रपट कुठे लागणार याचा अंदाज असायचा. एका टॉकीजला एकच पडदा, त्यामुळे चित्रपट लागला की निदान आठवडाभर सगळे खेळ त्याचेच. आता एका इमारतीत चार-पाच पडदे आणि दिवसाला कितीतरी शो. पण मराठीच्या वाट्याला त्यातला एक. तिकीट काढणाऱ्याने करता येईल ते एकच: मराठी चित्रपट बघायचाच असेल तर शुक्रवार, शनिवार, रविवार यांतच बघा. ‘पुढच्या आठवड्यात निवांत जाऊ’ म्हणणाऱ्यांसाठी शो उरत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

‘साबर बोंडं’ एवढा गाजला म्हणतात, आम्हाला तर दिसलाच नाही.

रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. आपल्याकडे तो १९ सप्टेंबर २०२५ ला आला, म्हणजे वरच्या तीन चित्रपटांनंतर बरोबर एका आठवड्याने. शो मोजकेच होते.

वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो आणि दोघांत प्रेम फुलतं. सुतकातले नियम, कोण कुठे बसणार, काय खायचं नाही, चपला घालायच्या की नाही, हे सगळं इतक्या बारकाईने मराठी पडद्यावर मी आधी पाहिलं नव्हतं. आणि आई! मुलाबद्दल तिला सगळं माहीत आहे. ती त्याला सांभाळून घेते, आणि त्याचा गाजावाजा करत नाही. चित्रपट संथ आहे, पण दुःखाच्या घरातला वेळ तसाच जातो. मिळेल तिथे, मिळेल तेव्हा बघा.

‘जारण’ला मुलांना नेलं असतं तर चाललं असतं का? एकूणच मुलांसाठी कसं ठरवायचं?

लहान मुलांना नाही. हृषीकेश गुप्ते यांचा हा चित्रपट (६ जून २०२५) भीतीचा आहे, पण खरी भीती आजारी मनाची आहे. अमृता सुभाषने ते फार ताकदीने केलंय. समोर अनिता दाते आहे, आपल्या नाशिकची, आणि तिचं काम बघून मला अभिमान वाटला. करणी-भानामतीवर चित्रपट नेमका कुठे उभा आहे याबद्दल घरी येऊन वाद होईल. तो जरूर घाला.

मुलांचं म्हणाल तर आता प्रमाणपत्र वाचून ठरवणं सोपं झालंय. पूर्वी यूए म्हणजे सरसकट ‘पालकांच्या देखरेखीत’ असायचं. आता यूएचे तीन भाग आहेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. तिकीट काढतानाच ते दिसतं. ‘ए’ म्हणजे १८ च्या खालच्यांना प्रवेश नाही, आई-वडील सोबत असले तरी नाही.

आई-बाबांना घेऊन जायचंय, हसायलाही हवं.

‘गुलकंद’ हलकाफुलका आहे. सई ताम्हणकर आणि समीर चौघुले यांची जोडी छान जमली आहे. पण माझी शिफारस ‘आता थांबायचं नाय!’. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, अशी खऱ्या घटनेवरची कथा. दिग्दर्शक शिवराज वायचळ. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव मुख्य भूमिकांत. दिवसभर गटारात उतरलेला माणूस रात्री बाकावर बसून गणित सोडवतो, तेव्हा त्याच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघवत नाही. हसता हसता डोळे पुसावे लागतात. रुमाल न्या.

आणि अगदी नवा, ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’?

१ जानेवारी २०२६ ला आला. हेमंत ढोमे यांचा. बंद पडायला आलेली मराठी शाळा आणि तिचे माजी विद्यार्थी. विषय तुमच्या-आमच्या घरातला आहे: सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही इमारतीत विचारा, मुलं कोणत्या माध्यमात आहेत ते. सचिन खेडेकरांचे मुख्याध्यापक बघून प्रत्येकाला आपले एक सर आठवतील. काही प्रसंगांत भावना जरा जास्त ताणल्या आहेत, तरी बघताना मला ते खटकलं नाही, कारण मागची चिंता खरी आहे. मुलांना घेऊन जा आणि मध्यंतरात त्यांना तुमच्या शाळेबद्दल सांगा.

‘धुरंधर’ एवढा चालला. तुम्हाला आवडला का?

अर्धा. ५ डिसेंबर २०२५ ला आलेला हा चित्रपट साडेतीन तासांहून लांब आहे आणि तरी पहिला दीड तास मी हललेही नाही. कराचीतलं ल्यारी उभं करताना आदित्य धर यांनी गल्ल्या, जेवणं, टोळ्यांचे मानापमान यांचा पुरता विचार केलाय. अक्षय खन्नाचा रहमान डकैत पडद्यावर आला की बाकीचे मागे सरकतात. पण हिंसा इतकी जवळून आणि इतका वेळ दाखवलीय की शेवटी मन बधिर होतं, आणि बधिर मनाला मग कथेचं काही वाटेनासं होतं. ‘ए’ प्रमाणपत्र आहे, मुलांना अजिबात नाही. दुसरा भाग १९ मार्च २०२६ ला, म्हणजे गुढीपाडव्याला येणार असं जाहीर झालंय. मी बघणार, अक्षय खन्नाची उणीव कशी भरून काढतात याची उत्सुकता आहे. रात्रीचा खेळ घेतला तर सुटायला दीड-दोन वाजतात. सिटीलिंक बस मिळत नाही, गाडीची सोय आधी करा.

मालेगाववरचा तो हिंदी चित्रपट खरा आहे का?

‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. होय, नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांची खरी गोष्ट. दिग्दर्शन रीमा कागती, लेखन वरुण ग्रोवर, प्रदर्शन २८ फेब्रुवारी २०२५. थिएटरमध्ये फार टिकला नाही. आता प्राइम व्हिडिओवर आहे.

मालेगाव आपल्याच जिल्ह्यातलं, नाशिकहून शंभरेक किलोमीटरवर, यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद, आणि त्या दिवशी गर्दी सिनेमाला. तिथल्या तरुणांनी लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर, सायकलवर ट्रॉली करून, गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या आपल्या बोलीतल्या आवृत्त्या काढल्या. ‘मालेगाव के शोले’ने सुरुवात झाली. पुढे सुपरमॅनची भूमिका केलेले शफीक शेख कर्करोगाने गेले. त्याच काळात फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपटही केला होता. आधी माहितीपट बघा, मग चित्रपट. आदर्श गौरव आणि शशांक अरोरा यांचं काम उत्तम आहे, आणि विनीत कुमार सिंगचा लेखक तर माझ्या मनातून जात नाही. मुंबईत जाऊन दारं ठोठावणाऱ्या माणसाला कळतं की त्याची गोष्ट त्याच्याच गावात आहे.

मालेगावचं नाव सिनेमाच्या बातम्यांत आणखी एका कारणाने आलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’च्या खेळात प्रेक्षकांनी थिएटरच्या आत फटाके फोडले. प्रेम समजतं, पण बंद सभागृहात शेकडो माणसं असताना हा जिवाशी खेळ आहे. कुणीही कुठेही करू नये.

ऐतिहासिक चित्रपट खूप झाले असं वाटत नाही का? ‘राजा शिवाजी’ बघणार का?

‘फर्जंद’पासून मोजलं तर गेल्या काही वर्षांत जवळजवळ दरवर्षी एक तरी आलाच. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ आला आणि सगळ्या देशाने तो पाहिला. विकी कौशलने जीव ओतला. पण संभाजी महाराजांची नऊ वर्षांची कारकीर्द बहुतेक लढाया आणि शेवटचा छळ यांत संपून जाते. संस्कृत जाणणारा, ग्रंथ लिहिणारा राजा निसटतो.

आपल्याला तर हे अधिक जाणवायला हवं. पेठ रोडवरून दिसणारा रामशेज याच काळात मुघलांच्या फौजांपुढे पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. लहानसा किल्ला, मोजकी शिबंदी, तोफा कमी पडल्या म्हणून लाकडाच्या तोफा केल्याची कथा. एवढ्या वर्षांत गडावर धान्य कसं पोचलं, पायथ्याच्या गावांनी काय सोसलं, यावर एक अख्खा चित्रपट व्हायला हवा.

‘राजा शिवाजी’ १ मे २०२६ ला जाहीर आहे. दिग्दर्शक आणि महाराजांच्या भूमिकेत रितेश देशमुख, संगीत अजय-अतुल, छायाचित्रण संतोष सिवन. सिवन यांच्या कॅमेऱ्यासाठीच मी पहिल्या दिवशी जाणार. मला त्यात किल्ल्यांइतकाच शेतसारा, वतनं, आणि मावळातल्या साध्या घरातलं राजाबद्दलचं बोलणं बघायला आवडेल.

‘रामायण’बद्दल नाशिककर म्हणून काय वाटतं?

खूप काही. नितेश तिवारींचा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत जाहीर आहे. राम रणबीर कपूर, सीता साई पल्लवी, रावण यश; संगीत ए. आर. रहमान आणि हान्स झिमर. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे कुंभाच्या आणि या चित्रपटाच्या गर्दीला नाशकात एकदमच सुरुवात होईल.

पंचवटी, तपोवन, सीतागुंफा ही आपल्याला रोजची ठिकाणं. शूर्पणखेचा प्रसंग इथला, सीताहरण इथलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वनवासातला हा भाग पडद्यावर बहुधा घाईत उरकतात, कारण सगळ्यांना लंकेला पोचायचं असतं. पण पर्णकुटीतले ते दिवस, गोदेच्या काठचं दोन भाऊ आणि एका स्त्रीचं रानातलं घर, हाच तर त्या कथेतला सुखाचा काळ. तो नीट दाखवला तर पुढचं हरण काळजाला भिडेल. संगणकावर उभारलेल्या भव्य दृश्यांची मला भीती वाटते ती इथे: रान हे रान वाटलं पाहिजे, वॉलपेपर नव्हे.

आणि दादासाहेब फाळक्यांवर चित्रपट येतोय म्हणे?

दोन जाहीर झालेत. ‘मेड इन इंडिया’ची घोषणा २०२३ मध्ये झाली, दिग्दर्शक नितीन कक्कर, प्रस्तुती राजामौली यांची. मे २०२५ मध्ये राजकुमार हिरानी आणि आमिर खान यांच्या चित्रपटाची घोषणा झाली. पडद्यावर कोणता आधी येतो ते बघू. माझी दोघांकडेही कळकळीची मागणी एकच आहे: नाशिक वगळू नका.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, हे पाठ्यपुस्तकात आहे. त्यानंतर ते चित्रपटांचा कारखाना घेऊन नाशिकला आले, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, ज्या काळी बायकांच्या भूमिका पुरुष करत. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोघंही झाले. १९१८ मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! स्वयंपाकघर सांभाळून फिल्म धुणाऱ्या, तिला भोकं पाडणाऱ्या, कलाकारांना जेवू घालणाऱ्या. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९) त्यांना मानाने दाखवलं, पण त्याचा भर पहिल्या चित्रपटाच्या जन्मावर होता. नंतरची नाशिकची वर्षं, भागीदारांशी मतभेद, बोलपट आल्यावर मागे पडणं, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच झालेला शेवट, हे सगळं अजून पडद्यावर यायचंय. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या स्मारकात फोटो काढून परतणाऱ्या आपल्या मुलांना ते कळायला हवं.

जुने चित्रपट पुन्हा लागतात, त्यांना पैसे द्यावेत का?

पडद्यावर कधीच पाहिला नसेल तर जरूर. मार्च २०२५ मध्ये ‘सैराट’ पुन्हा आला तेव्हा पहिल्यांदा थिएटरमध्ये बघणारी कॉलेजची मुलं होती. १२ डिसेंबर २०२५ ला ‘शोले’ची पुनरुज्जीवित प्रत आली, मूळ शेवटासह, जिथे ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीत सेन्सॉरने तो बदलायला लावला होता. मूळ शेवट पाहिल्यावर ठाकूरचं दुःख मला पहिल्यांदा पूर्ण कळलं.

तिकिटावरचा कर कमी झाला ना?

फक्त १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून ५ टक्के झाला. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्केच आहेत. मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारी १०० च्या आत तिकीट मिळणं कठीण, त्यामुळे फायदा मंगळवारच्या सवलतीत किंवा उरलेल्या एकपडदा थिएटरांत.

इंग्रजी चित्रपटांपैकी कशाची वाट बघताय?

ख्रिस्तोफर नोलनच्या ‘द ओडिसी’ची, १७ जुलै २०२६. संपूर्ण चित्रपट आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर टिपलाय, त्यामुळे तो आयमॅक्सच्या पडद्यावरच बघायचा ठरवलंय, मुंबईला जाऊन. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो. पावसात तर तोच रस्ता बरा. सकाळी निघून दुपारचा खेळ बघून रात्री जेवायला घरी येता येईल. गाडीत जागा आहे, येणाऱ्यांनी आधी सांगा.